फुलझाडांना मोलासा : किती, कधी आणि कशाला?



आपल्यापैकी पुष्कळांची वाडी आणि विहीर कुलाबा जिल्ह्यात राहिली. १९८१ पासून त्याला रायगड जिल्हा म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून कुलाबाच येते. इथे आल्यावर शिकुनमधले घर मिळाले आणि वाडीच्या जागी एक मिर्पेसेत आली. त्या मिर्पेसेतमध्ये कोणाचा मोगरा आहे, कोणाची जास्वंद, कोणाचा गुलाब, आणि कढीपत्ता तर घरोघरी. म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठल्यावर कोणाचे तरी तोंड बघायला हवे असते. मुले कामाला, नातवंडे शाळेत नाहीतर सैन्यात. मग झाडांचे तोंड बघायचे.

गेल्या काही वर्षांत समाजाच्या हॉलमध्ये बायका भेटल्या की एक विषय हमखास निघतो. "अहो, तुम्ही झाडांना मोलासा घालता का? फोनवर आलंय, एक पेला घातला की आठ दिवसांत झाड फुलांनी भरतं." काहींनी घातला, काहींचे झाड मेले, काहींच्या घरी मुंग्या झाल्या. एका बाईंच्या जास्वंदीला मात्र खरेच चांगली फुले आली. आम्ही चाळीस वर्षे नर्सचे काम केले. औषध चांगले की वाईट, हे मात्रेवर ठरते, हे आम्हाला कोणी सांगायला नको होते. तरी आम्हीसुद्धा चुकलो. म्हणून ही हकिकत आधी सांगतो आणि मग माहिती देतो.

आमच्या मोगऱ्याची हकिकत

आमच्याकडे एक मोगरा आहे. आमचे हे गेले त्याला आता आठ वर्षे झाली, त्यांची आठवण आशीर्वादाची होवो. लोदला त्यांची मावसबहीण राहते. तिच्या झाडाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ते बसमधून दिमोनाला घेऊन आले होते. आम्ही म्हटले, "इथल्या वाऱ्यात आणि धुळीत मोगरा कुठला जगतोय?" ते म्हणाले, "आपण जगलो ना?" फांदी जगली. दर उन्हाळ्यात फुले यायची. शुक्रवारी संध्याकाळी ते चार फुले बशीत पाण्यात घालून शब्बाथच्या दिव्यांशेजारी ठेवायचे. ते गेल्यावरही दोनतीन वर्षे फुले आली, मग कमी कमी होत गेली आणि पुढे दोन उन्हाळे एकही कळी नाही.

त्यात आमच्या मोठ्या नातीचे लग्न ठरले, शावुओथनंतरच्या आठवड्यात. पेसाहला ती घरी आली तेव्हा म्हणाली, "सव्ता, माझ्या मेंदीला मला साबांच्या मोगऱ्याची फुलं हवीत. दुकानातली नकोत." पोरीचा आजोबांवर फार जीव. आम्ही 'हो' म्हणून बसलो. हातात जेमतेम सहा आठवडे होते.

तेव्हाच तो फोनवरचा मजकूर आमच्यापर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी मोलासाची बाटली आणली. अर्धा लिटर पाण्यात चार मोठे चमचे मोलासा कालवला आणि सगळे पाणी मोगऱ्याला घातले. दोन दिवसांनी काही दिसेना म्हणून पुन्हा घातले. आठवड्याने तिसऱ्यांदा घातले. पेशंटला घाई झाली म्हणून कोणी औषध तिप्पट देतो का? आम्ही दिले.

दहाव्या दिवशी कुंडीतून आंबट वास यायला लागला, ताकासारखा नव्हे, उतरलेल्या भातासारखा. मातीवर पांढरी बुरशी धरली. बारीक काळी चिलटे उडू लागली. स्वयंपाकघरापासून मिर्पेसेतपर्यंत मुंग्यांची रांग लागली. पाने मऊ पडून खाली लोंबली. माती तर ओली होती, म्हणजे पाणी असून झाड तहानलेले होते. मेंदीच्या दिवशी आम्ही दुकानातून फुले आणली. नात काही बोलली नाही. तिने झाडाकडे एकदा बघितले आणि आमचा हात धरला. तिने रागावून घेतले असते तर बरे वाटले असते.

झाड पुढे वाचले, कसे ते खाली येईलच. पण आधी हा मोलासा काय प्रकार आहे ते बघू या.

मोलासा, मळी आणि काकवी

मुलांनो, ऊस तुम्ही शूकमध्ये रसाच्या गाड्यावर पाहिला असेल. उसाचा रस काढून मोठ्या कढईत उकळतात. तो खूप आटवला की गूळ होतो. गूळ होण्याच्या थोडे आधी, रस मधासारखा दाट झाला असताना काढून घेतला, तर ती काकवी. लहानपणी आम्ही घावन काकवीशी खायचो. कोकणात ऊस थोडा, पण गूळ आणि काकवी घाटावरून यायची.

साखर कारखान्यात रीत वेगळी. तिथे रस स्वच्छ करून आटवतात आणि त्यात साखरेचे दाणे पाडतात. मग तो दाणेदार पाक यंत्रात जोराने गरगर फिरवतात. दाणे आत राहतात, पातळ पाक बाहेर पडतो. तो पाक पुन्हा आटवतात, पुन्हा दाणे काढतात. बहुधा तीन वेळा असे केल्यावर जो काळा, चिकट, कडवट गोड पाक उरतो आणि ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, तो म्हणजे मळी. इंग्रजीत मोलॅसिस, इथे हिब्रूत मोलासा. एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे गावोगाव कारखाने निघाले. त्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना मळीचा वास वेगळा सांगावा लागत नाही. मळीपासून अल्कोहोल करतात आणि गुरांच्या खाद्यातही ती घालतात. इथे इस्राएलमध्येही किर्यात गातला पूर्वी बीटापासून साखर करीत असत. बीटाच्या साखरेचीही अशीच मळी निघते.

मळीत काय असते? निम्म्याहून जास्त भाग साखरच. उसाने जमिनीतून घेतलेले क्षारही तिच्यात उतरलेले असतात, कारण पांढऱ्या साखरेच्या दाण्यात ते जात नाहीत, मागे राहतात. १०० ग्रॅम मोलासात दीड ते अडीच ग्रॅम पोटॅशियम असते. शिवाय थोडे कॅल्शियम, थोडे मॅग्नेशियम आणि थोडे लोह. पोटॅशियम फुलझाडांना लागते. झाडातल्या पाण्याचा तोल आणि पानातून साखर कळीपर्यंत पोहोचवणे, ही कामे त्याच्या मदतीने चालतात. मात्र नायट्रोजन, म्हणजे पाने आणि फांद्या वाढवणारे द्रव्य, मोलासात फारच थोडे आणि फॉस्फरस तर नावालाच. म्हणून नुसत्या मोलासावर झाड जगवणे म्हणजे मुलाला नुसत्या गुळावर वाढवण्यासारखे आहे.

झाड साखर पितं का?

हा प्रश्न आमच्या दहा वर्षांच्या नातवाने विचारला आणि प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे, की झाडाला साखर बाहेरून पाजावी लागत नाही. ते आपली साखर आपणच करते. ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हिरव्या पानात हा स्वयंपाक चालतो. मुळांवाटे साखर पाजून फुले येत नाहीत.

मग मोलासा कोणासाठी? मातीतल्या जिवांसाठी. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जंतू असतात. मुलांनो, जंतू म्हटले की आजी हात धुवायला लावते, पण हे मातीतले बहुतेक जंतू कामकरी आहेत. ते वाळलेली पाने, शेणखत, कंपोस्ट कुजवून झाडाला घेता येईल असे अन्न तयार करतात. मोलासातली साखर त्यांना आयती मिळते, ते भराभर वाढतात आणि काम जोरात चालते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. सुभाष पाळेकर यांनी सांगितलेले जीवामृत अनेक शेतकरी करतात. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती घालून ते काही दिवस आंबवतात. त्यातला गूळ जंतूंच्या पोटासाठीच असतो.

पण इथे एक मेख आहे. जंतूंना वाढायला नायट्रोजनही लागतो. साखर भरपूर आणि नायट्रोजन थोडा असला, तर ते मातीतला नायट्रोजन स्वतःच खाऊन टाकतात आणि झाड काही दिवस उपाशी राहते, पाने पिवळी पडतात. जंतू मेल्यावर तो नायट्रोजन परत मिळतो, पण कुंडी लहान, तेवढा धीर झाडाला नसतो. आणखी एक. आपण मिश्तलामधून आणलेली कुंडीची माती बहुतेक पीट, नारळाचा काथ्या आणि तूफ म्हणजे ज्वालामुखीची लालसर खडी, यांची असते. तिच्यात कंपोस्ट नसेल तर जंतूंना कुजवायला काही नसते. कामगारांना जेवण दिले आणि काम दिलेच नाही, अशी गत. म्हणून आधी कंपोस्ट आणि मग मोलासा.

आमची चूक कुठे झाली

नर्सच्या भाषेत सांगतो. शिरेतून ग्लुकोज चढवतात ते ५ टक्क्यांचे असते. तेच खूप दाट दिले तर शिरेला इजा होते आणि पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. मुळांचेही तसेच. दाट साखरेचे पाणी घातले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. म्हणून ओल्या मातीत झाड सुकले. शिवाय एवढी साखर मिळाल्यावर जंतूंनी मातीतला प्राणवायू संपवला, मुळे गुदमरली आणि कुजू लागली. तो आंबट वास त्याचाच.

वाचवले असे. कुंडी न्हाणीघरात नेली आणि कुंडीच्या आकाराच्या जवळजवळ तिप्पट साधे पाणी सावकाश ओतून खालच्या भोकातून निथळू दिले. दोन दिवसांनी झाड कुंडीतून काढले. काळी, मऊ, वास येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापली, पांढरी आणि टणक ठेवली. नव्या मातीत लावले. मुळे कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही तिसरा हिस्सा छाटल्या. तीन आठवडे सावलीत ठेवले, पाणी बेताचे, खत काही नाही. शुद्धीवर न आलेल्या पेशंटच्या तोंडात कोणी जेवण कोंबत नाही.

मग ऑगस्टात दोन पालव्या फुटल्या. तेव्हा आम्ही खुर्चीवर बसून जरा रडलो, ते लिहायला लाज वाटत नाही.

फुले मुळात का थांबली होती?

हे आम्ही आधीच बघायला हवे होते. तपासणी न करता औषध दिले, ही पहिली चूक. नंतर झाड नीट न्याहाळले तर तीन कारणे दिसली.

पहिले, ऊन. समोर नवी इमारत झाली होती आणि आमच्या मिर्पेसेतला सकाळचे दोनच तास ऊन उरले होते. मोगऱ्याला पाचसहा तास तरी हवे. कुंडी दुसऱ्या खिडकीपाशी हलवली.

दुसरे, छाटणी. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात. आमचे हे दरवर्षी पुरीमच्या सुमारास छाटायचे. ते गेल्यावर आमच्याने त्यांच्या झाडाला कात्री लावायला हात धजला नाही. जुन्या लाकडाला कळ्या कुठून येणार?

तिसरे, पिवळी पाने. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, अशी खूण दिसली की बहुधा लोह कमी पडलेले असते. आपले इथले पाणी जड. कुमकुममध्ये पांढरा थर बसतो ना, तोच चुना. मुलांनो, हिब्रूतला कुमकुम म्हणजे पाणी तापवायची किटली, कपाळाचे कुंकू नव्हे! चुन्याच्या मातीत लोह असले तरी झाडाला घेता येत नाही. त्यासाठी मिश्तलामध्ये कीलेट केलेल्या लोहाची तांबडी पूड मिळते, ती पाकिटावरच्या मापाने पाण्यात घालून दिली. दीड महिन्यात नवी पाने हिरवी आली. मोलासात लोह असते हे खरे, पण एवढ्या पातळ पाण्यातून या दुखण्यापुरते मिळत नाही.

म्हणजे आमच्या मोगऱ्याला भूक नव्हतीच. त्याला ऊन हवे होते, कात्री हवी होती आणि लोह हवे होते. आम्ही त्याला गोड पाजत बसलो.

मग मोलासा द्यावा की नाही?

द्यावा, पण बेताने, आणि भाजीत मीठ घालतो तसा. आम्ही आता असा देतो :

१. बाटली घेताना गंधकाशिवायचा, नुसता उसाचा मोलासा घ्यावा. नैसर्गिक खाण्याच्या वस्तूंच्या दुकानात मिळतो. काही मोलासात टिकण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घालतात. तो जंतूंना मारक, मग ज्यांच्यासाठी द्यायचा त्यांनाच त्रास. खजुराचा सिलान झाडांना घालू नये. तो महाग आहे, आणि पोळीबरोबर चांगला लागतो.

२. माप असे : एक लिटर पाण्याला अर्धा चहाचा चमचा. झाडाने चांगले मानले तर पुढे एक चमचा, त्याहून जास्त कधीही नाही. चमचा सपाट, शीग भरून नव्हे. थोड्या कोमट पाण्यात आधी कालवावा, मग बाकीचे पाणी घालावे, म्हणजे तळाशी बसत नाही.

३. महिन्यातून एकदा पुरे. फार तर तीन आठवड्यांनी.

४. दिवस : पेसाहपासून सुक्कोथपर्यंत, झाड वाढत असताना. थंडीत मोगरा, जास्वंद झोपलेली असतात, तेव्हा देऊ नये. रकेफेत म्हणजे सायक्लामेनचे उलटे आहे. तो थंडीत फुलतो आणि उन्हाळ्यात झोपतो, तेव्हा त्याला उन्हाळ्यात काही देऊ नये.

५. आधी साध्या पाण्याने माती ओली करावी, मग मोलासाचे पाणी घालावे. कोरड्या मातीत, शरावच्या तापत्या वाऱ्यात किंवा दुपारच्या उन्हात देऊ नये. संध्याकाळ बरी.

६. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. उरले तर आंबते आणि त्यावर डास-चिलटे येतात.

७. कुंडीखालच्या बशीत उतरलेले पाणी ओतून टाकावे. चिकट बशी म्हणजे मुंग्यांना आमंत्रण.

८. वर्षातून दोनदा तरी मातीवर दोन बोटे कंपोस्ट घालावे. कंपोस्ट नसेल तर मोलासाचा उपयोग फारसा नाही. जंत्रीतली पहिली ओळ हीच समजा.

कोणाला द्यावा? मोगरा, जास्वंद, गुलाब, जिरेनियम यांना चालतो. बोगनवेलीला कमीच बरा, तिला जरा हाल सोसल्याशिवाय फुले येत नाहीत. निवडुंग आणि जाड पानांची झाडे, ऑर्किड, नुकती रुजलेली रोपे आणि आजारी झाड, यांना देऊ नये.

शब्बाथला झाडाला पाणी घालत नाहीत, हे आपल्या घरी लहानांनाही माहीत आहे, तेव्हा गुरुवारी किंवा शुक्रवारी दिवे लावायच्या पुष्कळ आधी उरकावे. शमिटाच्या वर्षी जमिनीला जसा विसावा, तसा उघड्यावरच्या भोक असलेल्या कुंडीलाही धरतात. गेली शमिटा २०२१-२२ मध्ये झाली, पुढची २०२८-२९ मध्ये येईल. ज्यांना पाळायची असेल त्यांनी खत-मोलासाबद्दल आपल्या हाखामांना आधी विचारावे.

आता एक नर्स म्हणून सांगणे. मोलासाची बाटली घरात आली की काही मंडळी रोज चमचाभर खाऊ लागतात, 'रक्त वाढतं' म्हणून. डायबेटिस असलेल्यांनी लक्षात ठेवावे, ती साखरच आहे. किडनीचा आजार असून डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितले असेल, तर मोलासा खाऊ नये. झाडाला मापून द्या आणि स्वतःसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या आयांचे खत

आमच्या आईने मोलासा कधी पाहिला नाही, पण तिच्या अंगणात फुले कमी नव्हती. तांदूळ धुतलेले पाणी मोगऱ्याला, मासळी धुतलेले पाणी कढीपत्त्याला आणि नारळाला, चुलीची राख चिमूटभर अबोलीला. आपले पूर्वज कोकणात तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तेल गाळल्यावर उरलेली पेंड गुरांना जायची आणि झाडांच्या बुंध्याशीही पडायची. पेंडीत नायट्रोजन असतो, जो मोलासात नाही. म्हणजे घाण्यावरच्या माणसाला मळी ठाऊक नसली तरी झाडाची भूक ठाऊक होती. इथे मात्र राख घालू नका. राखेने माती आणखी चुन्यासारखी होते आणि आपल्याकडे चुना आधीच जास्त आहे. कोकणात जे चालले ते नेगेवमध्ये चालेलच असे नाही.

मुलांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग : दोन सारख्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हींत अर्धा पेला कोमट पाणी आणि एक एक लहान चमचा कोरडे यीस्ट घाला. एका बाटलीत एक मोठा चमचा मोलासा घालून हलवा. दोन्ही बाटल्यांच्या तोंडावर एक एक फुगा ओढून बसवा. झाकण लावू नका. तासाभराने बघा, कोणता फुगा उभा राहिला? यीस्टने साखर खाल्ली आणि वायू सोडला. मातीतले जीवही अशीच साखर खातात. आता विचार करा, सव्ताने मोगऱ्याला चार चमचे घातले तेव्हा कुंडीत काय झाले असेल?

दुसरा प्रयोग : जिरेनियमच्या एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन सारख्या कुंड्यांत लावा. माती सारखी, कंपोस्ट सारखे, ऊन सारखे. रुजल्यावर एकीला महिन्यातून एकदा अर्ध्या चमच्याचे मोलासाचे पाणी, दुसरीला त्याच दिवशी तेवढेच साधे पाणी. वहीत तारीख घालून पाने आणि कळ्या मोजा. तीन महिन्यांनी आजी-आजोबांना वाचून दाखवा. फरक दिसला नाही तर 'दिसला नाही' असेच लिहा. आमच्या नातवाने हा प्रयोग केला. मोलासावाल्या कुंडीत ११ फुले आली, साध्या कुंडीत ९. तो म्हणाला, "सव्ता, दोन फुलांवरून काही सांगता येत नाही." चाळीस वर्षांत काही डॉक्टरांकडूनही आम्ही एवढे सावध बोलणे ऐकले नाही.

शेवटी मोगऱ्याचे

झाड वाचल्यावर पुढच्या पुरीमला आम्ही मन घट्ट करून कात्री घेतली आणि आमचे हे छाटायचे तशी छाटणी केली. लोह दिले, कंपोस्ट घातले, आणि पेसाहनंतर महिन्यातून एकदा अर्धा चमचा मोलासा. त्याचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे सांगता येणार नाही. आमचा अंदाज, ऊन आणि कात्रीचाच जास्त.

शावुओथनंतर कळ्या दिसल्या. सतरा मोजल्या. नातीला फोन केला, म्हटले, "मेंदीला नाही देऊ शकलो, पण आता आली आहेत." ती म्हणाली, "सव्ता, तोडू नकोस, मी येते." शुक्रवारी दुपारी नवऱ्याला घेऊन आली. तिने स्वतः चार फुले तोडली, बशीत पाणी घालून दिव्यांशेजारी ठेवली आणि बाकीची झाडावरच राहू दिली.

जाताना तिने एक फांदी मागितली. आम्ही ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली आणि सांगितले, रुजेपर्यंत नुसते पाणी. मोलासा मुळीच नाही.

वाचकहो, तुमच्या मिर्पेसेतमध्ये काय फुलते ते कळवा, आणि कोणाचे झाड रुसले असेल तर आधी त्याला नीट बघा, मग बाटली उघडा.